नाशकात इंडी रॉकचा पहिला व्हिडिओ काढताना: शैली, संकेत आणि शूटची तयारी

तुमच्या बँडचं गाणं रेकॉर्ड होऊन, मिक्स होऊन हातात आलं आहे, पैसे बेताचे आहेत आणि आता व्हिडिओ काढायचा आहे, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नाशकात वाजवणारी मुलं-मुली पुष्कळ आहेत. पण व्हिडिओची वेळ आली की बहुतेकांचं सारखंच होतं. आवडत्या परदेशी बँडचे व्हिडिओ बघून यादी तयार होते: चौकोनी फ्रेम, दाणेदार चित्र, लाल-निळा उजेड, रिकाम्या रस्त्यावरून चालणारं कुणीतरी. यादीतलं सगळं शूट होतं आणि तरी व्हिडिओ दुसऱ्याच कुणाचा वाटतो.

इंडी रॉक म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या चाकोरीबाहेर, स्वतंत्रपणे वाढलेलं रॉक संगीत. त्याच्या व्हिडिओतली जवळजवळ प्रत्येक खूण, म्हणजे ठरून गेलेला संकेत, कुठल्या तरी अडचणीतून किंवा हट्टातून आलेली आहे. ती अडचण किंवा तो हट्ट तुमचाही असेल तर खूण शोभते, नसेल तर सोडून द्यावी. जागा, कॅमेरा, एडिट, सगळं मी याच कसोटीवर ठरवतो, आणि तुम्हीही तसंच करून बघा असा माझा आग्रह आहे.

१. संकेत ओळखा, आणि तो कुठून आला ते शोधा

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे बँड नुसता वाजवतोय. याला परफॉर्मन्स व्हिडिओ म्हणतात. १९८१ साली अमेरिकेत एमटीव्ही ही गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी वाहिनी सुरू झाल्यावर चकचकीत सेट, नट-नट्या, कथानकं यांची लाट आली आणि त्या लाटेला पाठ दाखवणं ही अनेक बँडची भूमिका झाली. १९८५ मध्ये मिनियापोलिसच्या द रिप्लेसमेंट्स या बँडने एका गाण्याच्या व्हिडिओत जवळजवळ पूर्ण वेळ एक स्पीकर दाखवला. कृष्णधवल चित्र, एकच शॉट, बँड कुठेच नाही. शेवटी ऐकत बसलेला माणूस उठतो आणि स्पीकरला लाथ घालतो. तेव्हा त्यांच्यामागे मोठी कंपनी होती, म्हणजे प्रश्न पैशांचा नव्हता. ‘आम्ही तुमच्यासाठी नटणार नाही’ असं त्यांना म्हणायचं होतं, आणि ते पहिल्या काही सेकंदांत कळतं.

२००५ मध्ये शेफील्डच्या आर्क्टिक मंकीजने पहिल्या मोठ्या गाण्याचा व्हिडिओ जुन्या टीव्ही स्टुडिओतल्या कॅमेऱ्यांवर काढला आणि गाणं तिथेच प्रत्यक्ष वाजवलं. रंग फुटलेले, कडा मऊ. पण तो जुनेपणा चिकटवलेला वाटत नाही, कारण ‘हे पोरगे खरंच वाजवतात’ याचा पुरावा म्हणून तो आलेला आहे. तुमचा बँड प्रत्यक्ष वाजवताना सगळ्यात चांगला असेल तर तुमचा प्रकार हाच. दुसरं काही शोधत बसू नका.

दुसरा प्रकार एका कल्पनेचा. शिकागोच्या ओके गो या बँडने २००६ मध्ये आठ ट्रेडमिल मांडल्या, कॅमेरा एका जागी ठेवला आणि एकाही कटाशिवाय नाच केला. त्याला ग्रॅमी मिळालं. तो व्हिडिओ पाहून ‘वन टेक स्वस्त असतो’ असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. वन टेकमध्ये पैसे वाचतात, पण ते सगळे तालमीत फेडावे लागतात. आठवडाभर रोज संध्याकाळी सगळ्यांना एकत्र येणं जमणार नसेल तर या वाटेला जाऊ नका.

तिसरा, हाताने घडवलेला. स्टॉप मोशन, कागदकाम, एकेक फ्रेम सरकवत केलेलं चित्र. दिग्दर्शक मिशेल गॉन्ड्रीने २००२ मध्ये द व्हाइट स्ट्राइप्स या जोडीसाठी लेगोच्या ठोकळ्यांचा व्हिडिओ असाच केला. त्या जोडीचा लाल, पांढरा आणि काळा या तीनच रंगांचा नेम असायचा. इंडी व्हिडिओत रंगांची ही शिस्त फार मोठं काम करते आणि तिला खर्च जवळजवळ शून्य. आपल्याकडे कोलकात्याच्या पारेख अँड सिंग या जोडीनेही फिक्या रंगांचे सूट आणि अगदी मापात बसवलेली फ्रेम घेऊन आपली ओळख केली. आणि एकेक फ्रेम टिपण्याच्या कामाला नाशिककरांनी बिचकायचं तर कारणच नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली होती, आणि तेच चित्रण दाखवून भांडवल देणाऱ्यांना पटवलं होतं.

चौथा प्रकार घरगुती चित्रणाचा: कॅमकॉर्डर, जुनी कॅसेट, हलता हात, कोपऱ्यात तारीख. हा आज सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात जास्त फसतो. फोनच्या स्वच्छ चित्रावर नंतर लावलेला कॅसेटचा थर लगेच ओळखू येतो. कुणाच्या घरी जुना हॅंडीकॅम पडला असेल तर त्याच्यावरच शूट करा. त्याची झूम, त्याचा अडखळता फोकस, अंधारात चित्रावर येणारे ठिपके हे सगळं आपसूक खरं असतं. नसेल तर हा प्रकार सोडा.

पाचवा, छोटी विचित्र गोष्ट. चेहऱ्यावर भाव नसलेला नायक, रोजच्या जागेत घडणारी एक अजब घटना, आणि शेवटी उत्तर न देणं. इथे नवशिक्यांचा मोह म्हणजे साडेतीन मिनिटांत प्रेम, विरह, अपघात आणि पश्चात्ताप कोंबणे. एक माणूस, एक कृती, एक बदल, एवढंच पुरे होतं.

२. गाण्याचा तक्ता बनवा

कागदावर उभ्या रेघा मारा: सुरुवात, पहिलं कडवं, धृपद, दुसरं कडवं, ब्रिज (शेवटाआधी चाल बदलते तो तुकडा), शेवट. प्रत्येकापुढे मिनिट-सेकंद लिहा. मग दोन गोष्टी ठरवा. गायिकेचे ओठ कुठे दिसणार, आणि ड्रमर कुठे दिसणार.

पूर्ण गाणंभर ओठ दाखवले की व्हिडिओ जड होतो. इंडी रॉकमध्ये गाणारा माणूस कॅमेऱ्याला टाळतो, मान खाली घालतो, पाठ फिरवतो. हे चालतं, पण ते गाण्याच्या स्वभावातून यायला हवं. शब्द थेट कुणाला उद्देशून असतील तर नजर लेन्समध्येच हवी.

आणि वायरींबद्दल माझं मत ठाम आहे. डोंगरमाथ्यावर उभं राहून, कशालाच न जोडलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवणं हा सिनेमातल्या गाण्यांचा संकेत आहे. इंडी रॉकमध्ये तो खोटा दिसतो, कारण हा सगळा प्रकारच ‘आम्ही खरंच वाजवतो’ या दाव्यावर उभा आहे. अँप (गिटारचा आवाज वाढवणारा स्पीकर) ठेवा, वायर जोडा, आवाज बदलणाऱ्या पेडलांचा पेडलबोर्ड पायाशी असू द्या. अँप नेता येत नसेल तर त्या जागी गिटारच नेऊ नका.

३. जागा ठरवा

नाशकात जागा म्हटलं की तीन उत्तरं येतात: गोदाघाट, द्राक्षबाग आणि ड्रोनमधून दिसणारा डोंगर. पर्यटनाच्या जाहिरातींनी ही तिन्ही चित्रं इतकी दाखवली आहेत की रॉक गाणं त्यांच्यावर बसवायला वेगळं कारण लागतं.

पश्चिमेत या संगीताचा जन्म गॅरेजमध्ये आणि तळघरात झाला, म्हणून त्यांच्या व्हिडिओत गॅरेज दिसतं. तुमचा बँड कुठे वाढला? सातपूर-अंबडच्या एखाद्या गाळ्यात, काकांच्या पॅकिंग शेडमध्ये, गंगापूर रोडच्या कुठल्या तरी गच्चीवर, जुन्या नाशकातल्या वाड्याच्या माडीवर? जी जागा खरी असेल ती घ्या. औद्योगिक गाळ्यात उंच छत मिळतं, पत्र्याच्या फटीतून उजेडाच्या तिरिपा येतात, आवाजाची तक्रार कमी येते. साप्ताहिक सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या, तेव्हा यंत्रं बंद असतात. पण वीजवाहिनीच्या दुरुस्तीसाठी त्याच दिवशी वीजही बंद ठेवतात का, हेही त्याच वेळी विचारा.

कांदाचाळीचा विचार फार कमी लोक करतात. निफाड, लासलगाव, येवल्याकडे गेलात तर लाकडी पट्ट्यांच्या किंवा जाळीच्या लांबलचक चाळी दिसतील. रिकामी असताना आत उभं राहिलं की सकाळचा उजेड पट्ट्यांमधून अंगावर सांडतो. एकही दिवा न लावता कृष्णधवल परफॉर्मन्स शूट व्हावा अशी ती जागा आहे.

द्राक्षबाग घ्यायचीच असेल तर हंगाम समजून घ्या. जानेवारी ते मार्च हा साधारण काढणीचा काळ. तेव्हा घड लगडलेले असतात, शेतकऱ्याची वर्षाची कमाई त्यावर असते, आणि ड्रमकिट घेऊन ओळींमध्ये शिरलेला बँड त्याला परवडत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडी पडते: नुसते खुंट, तारा आणि लोखंडी अँगल. माझ्या मते रॉकसाठी तीच बाग जास्त बोलते. फवारणी कधी झाली हे मात्र विचारल्याशिवाय आत जाऊ नका.

गोदाघाटाबद्दल कळकळीची विनंती. रामकुंडावर लोक अस्थिविसर्जनाला, दशक्रियेला आलेले असतात. त्यांचे चेहरे, त्यांचं रडणं तुमच्या गाण्याची पार्श्वभूमी होऊ शकत नाही. मागे अस्पष्ट दिसणार असले तरीही नाही. घाट हवाच असेल तर पहाटे, गर्दीपासून दूरच्या पायऱ्यांवर, आणि फोनवर गाणं हळू लावून. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असताना पात्राजवळ सामान नेऊ नका. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी चढलं यावर पूर मोजणारं हे गाव आहे. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू असल्यामुळे घाटपरिसरात आठवड्याभरात दृश्य बदलू शकतं. शूटच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा.

४. परवानग्या आणि कागदपत्रं

‘दोनच जण आहोत, फोनवर काढतोय’ हे वाक्य ट्रायपॉड उघडेपर्यंतच चालतं. ड्रमकिट उतरलं की ते शूटिंग झालं. एका फोल्डरमध्ये हे कागद छापील ठेवा:

- जागेच्या मालकाचं सहीचं पत्र: तारीख, वेळ, किती माणसं, वीज वापरणार का.
- रस्ता, उद्यान, घाट अशी सार्वजनिक जागा असेल तर महानगरपालिकेची परवानगी आणि स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेल्या अर्जाची पोच.
- सगळ्यांचं ओळखपत्र, आणि भाड्याने आणलेल्या सामानाची पावती.
- व्हिडिओत ओळखू येणाऱ्या प्रत्येकाचं संमतिपत्र. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांची सही.

चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी राज्याची एक खिडकी पद्धत आहे, ती महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ चालवतं. अर्ज तिथून सुरू करा म्हणजे कुठल्या खात्याकडे जायचं हे कळतं. पांडवलेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. तिथे वेगळी परवानगी लागते, आणि पहिल्या व्हिडिओसाठी तो खटाटोप करू नये असं मी सांगेन. रेल्वे स्टेशन, वनजमीन, धरण या सगळ्यांची खाती वेगळी.

ड्रोनचा मोह आवरा. देवळालीत लष्कर, ओझरला विमानतळ आणि विमानांचा कारखाना, नाशिक रोडला नोटांचा छापखाना. या भागांजवळ ड्रोन उडवणं म्हणजे गंभीर गुन्ह्याला आमंत्रण. इतरत्रही डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा लाल, पिवळी की हिरवी हे बघितल्याशिवाय उडवू नका. तसंही इंडी रॉकच्या व्हिडिओत आकाशातून घेतलेल्या शॉटची गरज क्वचितच असते. कॅमेरा माणसाच्या उंचीवर, माणसांच्या जवळ, हीच या प्रकाराची सवय आहे.

५. साधनं जमवा

कॅमेरा किंवा बरा फोन, ट्रायपॉड, दोन एलईडी दिवे, मोठा स्पीकर, ड्रमरसाठी इअरफोन, एक्स्टेंशन बोर्ड, गॅफर टेप, जादा बॅटऱ्या, मेमरी कार्डं, सुका कपडा. धुराचं यंत्र मंडप-डीजेवाल्यांकडे भाड्याने मिळतं. थोडा धूर असला की उजेडाची तिरीप दिसू लागते आणि साधा गाळासुद्धा खोल वाटतो. दारं-खिडक्या लावून, धूर पसरू देऊन मग शूट करा, धुराचा लोट दिसता कामा नये.

कॅमेऱ्याची मापं आधीच ठरवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवलं की ट्यूबलाइटची थरथर चित्रात येत नाही. फोनवर शूट करत असाल तर फ्रेमची संख्या स्थिर ठेवणारं अॅप वापरा. फोनचा स्वतःचा कॅमेरा ती मधेच कमी-जास्त करतो आणि एडिटमध्ये ओठ हळूहळू गाण्यापासून सुटतात. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) दोन्ही लॉक करा.

कॅमेरा चालवणारा मित्र बहुधा लग्नाचं शूटिंग करणारा असेल. नाशकात ही मंडळी फार कसबी आहेत, हात स्थिर, उजेडाची जाण पक्की. पण त्यांची सवय प्री-वेडिंगची असते: गिंबलवर (कॅमेरा न हलू देणाऱ्या दांड्यावर) तरंगत फिरणं, प्रत्येक शॉट स्लो मोशन, मऊ केलेली त्वचा. शूटच्या आधी दोघांनी बसून पाच-सहा व्हिडिओ एकत्र बघा आणि स्पष्ट बोला: इथे घाम दिसला पाहिजे, कॅमेरा हातात असेल, स्लो मोशन फक्त ब्रिजला.

६. शूटचा दिवस

प्लेबॅकची, म्हणजे शूटच्या वेळी स्पीकरवर लावायच्या गाण्याची, वेगळी फाइल आदल्या रात्रीच बनवा. गाण्याआधी चार ठोके टाका, म्हणजे सगळे एकदम सुरू करतील. प्रत्येक टेकला टाळी वाजवा आणि कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवा, एडिटमध्ये जुळवणी त्याच आवाजावर होते.

ड्रमर खरंच जोरात मारणार. हलक्या हाताने मारलेली झांज कॅमेऱ्यात लगेच कळते. पण खरे ड्रम वाजले की स्पीकर कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून ड्रमरच्या कानात इअरफोन आणि स्पीकर गायिकेजवळ. मोकळ्या मैदानात आणखी एक अडचण येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून १४ मीटरवर उभा असलेला माणूस एक फ्रेम मागे वाजवतो. ३० मीटरवर तो स्पष्ट चुकलेला दिसतो. लांबच्या शॉटसाठी स्पीकर माणसांजवळच लपवा.

क्रम असा ठेवा. आधी पूर्ण बँडचा रुंद शॉट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. मग प्रत्येक वादकाचा पूर्ण गाण्याचा टेक. मग बोटं, पाय, पेडल, तुटलेली काडी, भिंतीवरचा पंखा अशी बारीक चित्रं. दमल्यावर शेवटी पुन्हा एकदा रुंद शॉट घ्या. बहुतेक वेळा तोच सगळ्यात चांगला निघतो, कारण तोपर्यंत सगळ्यांनी अभिनय करणं सोडलेलं असतं.

एक युक्ती हमखास शिकून घ्या. गाणं दुप्पट वेगाने वाजवा, गायिकेने त्याच वेगात गायचं, कॅमेरा ५० फ्रेमवर ठेवायचा. एडिटमध्ये ते २५ वर आणलं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात, पण केस, कपडे, धूर सगळं तरंगतं. संथ गाण्यांनाच हे जमतं. वेगवान गाण्याचे शब्द दुप्पट वेगात तोंडात बसत नाहीत.

७. एडिट

प्रत्येक ठोक्यावर कट मारणं हा पहिल्या एडिटचा रोग आहे. पहिल्या कडव्यात शॉट लांब ठेवा, धृपदात छोटे करा, आणि एखादा कट ठोक्याच्या दोन-तीन फ्रेम आधी घ्या. ड्रमची काडी वर गेली की कट, पुढच्या शॉटमध्ये ती खाली आदळते. याने गाण्याला धक्का मिळतो.

चौकोनी फ्रेम हवी असेल तर ती शूटच्या आधी ठरवा. नंतर कडा कापल्या की बेसिस्टचा अर्धा हात जातो. दाणेदारपणा सगळ्यात शेवटी आणि थोडाच लावा, कारण यूट्यूब चित्र दाबताना बारीक दाणे चिखल होतात. म्हणून मूळ शूट एचडी असलं तरी ४के मध्ये वाढवून अपलोड करणं फायद्याचं, तिथे चित्र कमी दाबलं जातं. स्ट्रोबचा झगमगाट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको, अपस्मार असलेल्या काही प्रेक्षकांना त्याने झटका येऊ शकतो. असा भाग ठेवायचाच असेल तर सुरुवातीला सूचना लिहा.

८. हक्क आणि प्रकाशन

गाणं तुमचं असेल तरी शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंग कुणाच्या पैशाने, हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. बँड फुटतात, तेव्हा हा कागद मैत्री वाचवतो. तुकोबांचा अभंग रॉकमध्ये घेतला तर शब्दांवर हक्क कुणाचा नाही, पण एखाद्या गायकाने लोकप्रिय केलेली चाल आणि त्याचं रेकॉर्डिंग ही वेगळी बाब आहे. चाल स्वतःची करा. दुसऱ्याच्या गाण्याचं कव्हर असेल तर त्यावर व्हिडिओ लावायला स्वतंत्र परवानगी लागते.

मराठी गाणं असेल तर मराठी सबटायटल जरूर द्या. डिस्टॉर्शन लावलेल्या, फाटक्या आवाजाच्या गिटारच्या मागे शब्द हरवतात आणि मराठी रॉक पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तेच शब्द हवे असतात. इंग्रजीचीही एक फाइल जोडा. वर्णनात गीत, सगळ्यांची नावं आणि कामं, जागेच्या मालकाचे आभार. ज्यांच्या चाळीत किंवा गाळ्यात शूट केलं त्यांना व्हिडिओ प्रसिद्ध व्हायच्या आधी स्वतः जाऊन दाखवा. आणि सगळं कच्चं फुटेज दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा.